भिंतीपलीकडचा तिसरा तास

४ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. ही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं. भूमितीच्या मास्तराला खोटं लिहिणं तसंही जमत नाही.

तिसऱ्या तासाला अ तुकडीला मी गणित शिकवतो. भिंतीपलीकडे ब तुकडीला बाई शिकवतात. बाई मे महिन्यात गेल्या. आजारपणात घरी बसून त्यांनी धडे फोनवर रेकॉर्ड करून ठेवले होते, ते शिपाईमामा रोज मोठ्या स्क्रीनवर लावतात. मामा बटण दाबतात आणि स्टुलावर बसून पेंगतात. याला म्हणे आधुनिक शिक्षण. पुस्तकात सत्तर धडे आहेत, बाईंचे चौसष्टच आहेत. आज एकेचाळिसावा झाला. म्हणजे आणखी तेवीस दिवस. मी मोजले ते केवळ सवय म्हणून.

मधल्या सुट्टीत हेडसरने बोलावलं. हा माझाच जुना विद्यार्थी, याला मी बाकावर उभा केलेला आहे. म्हणाला, जानेवारीपासून दोन्ही तुकड्यांना एकच पद्धत. एक तर दोन्ही मी शिकवायच्या, नाहीतर दोन्ही स्क्रीनवर शिकतील आणि मी देखरेख करायची. बाईंचे धडे संपले की तयार धडे विकत मिळतात, त्यात म्हणे कार्टूनही असतं. महिनाअखेरच्या टेस्टनंतर ठरवू, म्हणाला.

देखरेख म्हणजे मामांच्या शेजारी दुसरं स्टूल. एकतीस वर्षं शिकवून स्टूल. मी नुसता हसलो. टेस्टचा निकाल काय लागणार ते उघड आहे. जिवंत माणूस आणि व्हिडिओ यांची बरोबरी कशी होईल?

६ नोव्हेंबर, बुधवार

माझ्या वर्गात हल्ली कमालीची शांतता असते. मी फळ्याकडे वळलो की चाळीस पोरं श्वास रोखून बसतात. दरारा म्हणतात तो हाच.

फक्त ते स्पीकर फार मोठे आहेत. भिंतीतून शब्द न् शब्द ऐकू येतो. बाईंची एक खोड होती. प्रश्न विचारायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या, मनात दहा आकडे मोजून होईपर्यंत. पोरांना उत्तर नाही आलं तर म्हणायच्या, "बरं, विचार करा. उद्या बघू." रेकॉर्डिंगमध्येही तेच. समोर कोणी नसताना प्रश्न विचारायचा आणि दहा सेकंद थांबायचं. केवढा वेळ वाया. मी हिशेब केला, वर्षाला चार तास नुसते गप्प राहण्यात जातात.

आज ते गप्प राहणं फार लांबलं असं वाटलं. मी फळ्यावर त्रिकोण काढत होतो, हात तसाच थांबला. मागे कोणीतरी हळूच उत्तर पुटपुटलं. मी न विचारलेल्या प्रश्नाचं. मी वळून बघितलं, तर सगळे वहीत डोकं घालून.

पहिल्या बाकावर एक मुलगी आहे, मी तिला प्रश्नचिन्ह म्हणतो. तिने विचारलं, समद्विभुज त्रिकोणाचे दोन कोन सारखे आहेत हे डोळ्यांना दिसतंच आहे, मग सिद्ध कशाला करायचं. मी म्हणालो, परीक्षेत येतं म्हणून. वर्ग हसला. हजरजबाबीपणा लागतो शिक्षकाला, तो स्क्रीनला कुठून येणार.

१० नोव्हेंबर, रविवार

संकल्प: सत्तरच्या सत्तर धडे स्वतः रेकॉर्ड करायचे. बाईंना चौसष्टाला तीन महिने लागले. मी दोन रविवारांत उडवीन.

सकाळी दहाला सुरुवात. दिवाणखान्यातल्या भिंतीवर फळा टेकवला. हिने फोन धरला. एक धडा बावन्न मिनिटं चालला. मग हिचा हात दुखला. मग दोघांनी बसून बघितला. बावन्न मिनिटं माझी पाठ दिसते. मला तर ते आवडलं. विद्यार्थ्याने फळा बघावा, मास्तराचं तोंड कशाला बघायचं?

ही म्हणाली, तुम्ही एक्केचाळीस प्रश्न विचारलेत. मी म्हणालो, बघ, असं शिकवणं लागतं. ही म्हणाली, आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस उत्तरं तुम्हीच दिलीत, श्वाससुद्धा न घेता.

हिला गणितातलं काही कळत नाही. पण मोजता बरं येतं.

उरलेले एकोणसत्तर पुढच्या रविवारी.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

घशाला कोरड पडते आहे. पोरांना उदाहरणं देऊन पाणी प्यायला बाहेर पडलो. नळ ब तुकडीच्या दारापलीकडे, त्यामुळे तिथून जाणं भाग होतं. दार उघडं होतं, त्यामुळे बघणंही भाग होतं.

एकोणपन्नासावा धडा. बाई कपाटाच्या दाराला कागद चिकटवून त्यावर आकृती काढत होत्या. आता खुर्चीत बसून शिकवतात. पहिल्या धड्यांत उभ्या असायच्या, मामा म्हणाले. फोन त्यांची सून धरायची म्हणे, कधीकधी तिची सावली कागदावर पडते.

सिद्धतेसाठी आपण जी जास्तीची रेघ काढतो, तिला बाई पाहुणी रेघ म्हणतात. तुटक काढायची. ती मूळ आकृतीतली नसते, कामापुरती येते आणि काम झालं की जाते. पुस्तकात असला शब्द नाही. मी मुलांना सरळ 'रचना' म्हणून लिहायला लावतो, तेच शास्त्रीय आहे.

पाणी चार वेळा प्यायलो. उन्हाळ्यासारखी तहान लागते आहे. परत आलो तर माझा वर्ग तसाच शांत. एक मुलगा भिंतीला कान लावून बसला होता. सर्दी झाल्यावर गार भिंतीने बरं वाटतं, तसलं काहीतरी असावं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

शाळा सुटल्यावर डस्टर शोधायला ब तुकडीच्या खोलीत गेलो. माझं डस्टर माझ्या टेबलावरच होतं हे नंतर लक्षात आलं.

मामा स्क्रीन बंद करायला विसरले होते. बाई पॉजवर होत्या. हात अर्धा वर, तोंड किंचित उघडं, नजर थेट समोर. प्रश्न विचारून झाल्यानंतरच्या त्या दहा सेकंदांत अडकलेल्या. खोलीत कोणी नाही. बाकं, ऊन आणि त्या.

मी म्हणालो, "कोनदुभाजक."

का म्हणालो ते माहीत नाही. कागदावरची आकृती बघून कोणीही म्हणाला असता. मग स्क्रीन आपोआप काळी झाली आणि तिच्यात मी दिसलो. अंगावर काटा आला. संध्याकाळी गारठा वाढतोय, आतून स्वेटर घालायला हवा.

एक नोंद: बाईंचं आणि माझं काही वाकडं नव्हतं. अठरा वर्षं भिंतीला भिंत. पण त्या हेकट. मला कधी काही विचारलं नाही त्यांनी.

२४ नोव्हेंबर, रविवार

रेकॉर्डिंग झालं नाही. फळ्याला टेकू मिळेना. उरलेले एकोणसत्तर नाताळच्या सुट्टीत निवांत.

जेवताना हिने विषय काढला. म्हणाली, बाईंचे ते निरोप ऐकलेत का शेवटी? मी म्हणालो, कोणते?

आहेत. फोनमध्ये तीन आहेत, एप्रिलपासून. छोटा माईक आणि पुढे लांब रेघ, तसले. मला ते ऐकता येत नाहीत. म्हणजे बटण कुठलं ते माहीत नाही असं नव्हे, पण मला बोललेले निरोप पटतच नाहीत. काही सांगायचं तर माणसाने लिहावं. शिवाय एप्रिलमध्ये पेपर तपासायचे होते. मग परीक्षा संपली, आणि मग उघडून उपयोग नव्हता.

वर म्हटलं आहे की बाईंनी मला कधी काही विचारलं नाही. ते मी ऐकलेलं नाही, असं वाचावं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या टेस्ट. वर्गाला सांगितलं, चिंता नको, मी आहे. प्रश्नचिन्ह म्हणाली, सर, पेपरात पाहुणी रेघ लिहिली तर चालेल का? मी म्हणालो, हा शब्द कुठून आणलास? ती भिंतीकडे बघू लागली.

पलीकडे एकोणसाठावा धडा चालू होता. बाई बोलता बोलता खोकल्या. आधी एकदा, मग बराच वेळ. तो खोकला कापून टाकता आला असता, कोणीतरी ठेवला. माझ्या वर्गातली चाळीस पोरं खोकला थांबेपर्यंत पेन हातात धरून बसली होती. मीही खडू धरून उभा होतो. मग बाई म्हणाल्या, "हं. कुठे होतो आपण?" माझ्या वर्गातली मागची दोन बाकं एकदम म्हणाली, "त्रिज्येवर."

मी कोणाला रागावलो नाही. टेस्टच्या आदल्या दिवशी मुलांवर ताण नको.

३ डिसेंबर, मंगळवार

पेपर तपासून झाले. ब तुकडीची सरासरी पंचवीसपैकी सतरा. अ तुकडीची चौदा.

कारणं: १. पेपर सोपा होता, आणि सोप्या पेपरात हुशार मुलं बेसावध राहतात. २. अ तुकडीच्या खिडक्या पश्चिमेला. ३. शेजारचा आवाज.

पण एक गोष्ट लिहून ठेवली पाहिजे, नाहीतर ही रोजनिशी कशाला. माझ्या वर्गातले सर्वांत चांगले सात पेपर मी वेगळे काढले. सातही पेपरांत तुटक रेघ आहे. सातही पेपरांत शेजारी लिहिलं आहे, 'पाहुणी रेघ काढली.' माझ्या पद्धतीने 'रचना' लिहिणाऱ्यांपैकी एकालाही बाराच्या वर गुण नाहीत.

म्हणजे माझ्या वर्गाला जे काही आलं, ते भिंतीतून आलं.

हे वाक्य पुन्हा वाचलं. खोडणार होतो. राहू दे. भिंत पातळ आहे, दोष बांधकामाचा आहे.

४ डिसेंबर, बुधवार

हेडसरने बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. माणूस वाईट बातमी देताना असाच वागतो. पण म्हणाला, शुक्रवारी बाईंचे धडे संपतात. राहिलेले सहा तुम्ही शिकवा, दोन्ही तुकड्या एकत्र, सोमवारपासून. मुलांचं कसं होतं ते बघू आणि मग जानेवारीचं ठरवू. जाताना म्हणाला, "सर, तुम्ही मला बाकावर उभं केलं होतं, ते कशासाठी आठवतंय का?" मी म्हणालो, दंगा करत असशील. तो म्हणाला, मला प्रश्न विचारायचा होता.

असो. जिंकलोच म्हणायचं. अठरा वर्षांनी दोन्ही वर्ग माझे.

संकल्प: सहा धडे असे शिकवायचे की स्क्रीन गंजून जावी. सुरुवातीलाच पासष्टावा धडा, स्पर्शिकांचं प्रमेय. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून दोन स्पर्शिका काढल्या तर त्यांची लांबी सारखी. माझा हातखंडा. मी फळ्यावर वर्तुळ कंपासाशिवाय काढतो, एका फटक्यात. हे कुठल्या व्हिडिओत आहे?

६ डिसेंबर, शुक्रवार

चौसष्टावा धडा.

माझ्या वर्गाला वाचन दिलं आणि भांडं घेऊन नळावर गेलो. पाणी भरून घेतलं आणि ब तुकडीच्या दारात उभा राहिलो. आज कारण लिहीत नाही.

साठाव्या धड्यापासून बाईंचा चेहरा दिसत नाही. कागद आता मांडीवरच्या पाटावर असतो, दिसतो तो नुसता हात. हात बारीक झालेला. बांगडी कोपरापर्यंत मागे सरकलेली. पेन्सिल टेकवून त्यांनी वर्तुळाला स्पर्शिका काढली आणि ती मध्येच हलली. मग म्हणाल्या, "ही जरा वाकडी आली. पण सरळ आहे असं धरू."

चाळीस मुलांनी वहीत ती रेघ काढली. मी जवळच्या मुलाच्या वहीत डोकावलो. त्याने ती तशीच, किंचित वाकडी काढली होती. पट्टी हातात असताना.

शेवटी बाई म्हणाल्या, "पुढचे सहा शेजारचे सर शिकवतील. मी विचारलंय त्यांना."

मग हात स्क्रीनच्या दिशेने मोठा मोठा होत आला आणि चित्र थांबलं. सगळा वर्ग मागे वळला आणि माझ्याकडे बघू लागला. मामा जागे होते. मामांनी डोळे पुसले आणि उठून मला स्टूल दिलं.

७ डिसेंबर, शनिवार

सोमवारची तयारी. रंगीत खडू मोजले. स्वेटर धुवायला टाकला. फळ्यावर वर्तुळाचा सराव केला, चौदा वर्तुळं, अंड्यासारखी आली. चहा कमी करायला हवा.

खरं लिहायचं ठरलं आहे. बाईंनी घरच्या फोनवरही फोन केला होता. निरोप हिने घेतला होता आणि मला सांगितलाही होता. रविवारी याल का, सहा धडे राहिलेत, मला बसवत नाही, तुम्ही शिकवा आणि मी बाजूला बसून ऐकेन. मी हिला म्हणालो, कॅमेऱ्यापुढे नाचायला मी काय बाहुला आहे? पुढच्या रविवारी बघू, म्हणालो. मग त्याच्या पुढच्या. आजारी माणसाला त्रास कशाला, असंही म्हणालो. ते बाईंसाठी म्हणालो असं इतके महिने समजत होतो.

मला भीती वाटत होती. बाजूला बसून त्यांनी ऐकलं असतं तर त्यांना कळलं असतं.

काय कळलं असतं ते लिहीत नाही. झोप येते आहे. दुपारचे तीन वाजले आहेत.

८ डिसेंबर, रविवार

सकाळी अकरा. हिने फोन माझ्यापुढे ठेवला, बटणावर माझं बोट ठेवलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. जाताना दार लोटून घेतलं.

पहिला निरोप: नमस्कार सर, रविवारी वाट बघते, सून चहा चांगला करते.

दुसरा: काही हरकत नाही सर, तुम्ही कामात असाल. मी जमेल तसं करते.

तिसऱ्यात आवाज अगदी खाली गेलेला. पंखा मोठ्याने ऐकू येतो. "सर, एक विचारायचं राहिलं. स्पर्शिकांचं प्रमेय आलं की दरवर्षी एखादं मूल म्हणतं, दोन्ही सारख्या आहेत हे दिसतंय, मग सिद्ध कशाला करायचं? मी काहीतरी सांगते, पण माझं मलाच पटत नाही. तुम्ही इतकी वर्षं शिकवताय. तुम्ही काय सांगता?"

आणि मग त्या थांबल्या.

मी मोजले. एक, दोन, तीन. पंख्याचा आवाज. कोणीतरी लांब भांडं ठेवलं. सात. आठ. माझं तोंड उघडं होतं. दहा झाले आणि निरोप संपला.

पुन्हा लावला. पुन्हा दहा. एकूण अकरा वेळा ऐकला. एकतीस वर्षांत मी हा प्रश्न निदान शंभर पोरांकडून ऐकला आहे आणि शंभरही वेळा हशा मिळवला आहे. एकदाही थांबलो नाही. थांबलो असतो तर त्यांच्याइतकंच मलाही ऐकू आलं असतं, की माझ्याकडे उत्तर नाही.

संकल्प: उत्तर शोधणे. आज संध्याकाळपर्यंत.

९ डिसेंबर, सोमवार

उत्तर सापडलं नाही. पण तास होता, तो घेतला.

ऐंशी पोरं एका खोलीत, बाकाला तीन-तीन. स्क्रीन बंद. हेडसर मागे येऊन उभा राहिला. वर्तुळ एका फटक्यात छान गोल आलं. बाहेर बिंदू घेतला, दोन स्पर्शिका काढल्या. केंद्रापासून त्या बिंदूपर्यंत रेघ काढली, ती तुटक. कोणीतरी हळूच म्हणालं, पाहुणी. मी म्हणालो, हो, पाहुणी. सगळं नीट चाललं होतं. मी तर मनात जानेवारीचं वेळापत्रकही आखलं.

मग प्रश्नचिन्हाने हात वर केला. मला माहीत होतं ती काय विचारणार. सगळ्या वर्गाला माहीत होतं.

"सर, सारख्या आहेत हे दिसतंय. मग सिद्ध कशाला करायचं?"

परीक्षेत येतं म्हणून, हे ओठांवर आलं होतं. पण मी थांबलो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. आणि मी थांबलो तशी ती ऐंशी पोरंही थांबली. कोणी हसलं नाही, कोणी कुजबुजलं नाही, बाक वाजला नाही. त्यांना थांबायची सवय आहे. एका बाईंनी ती लावली आहे, समोर कोणी नसताना. ऐंशी चेहरे माझ्याकडे बघत होते, राग नाही, घाई नाही, नुसती वाट बघणं. माझ्यामागे ती काळी स्क्रीन होती. मी वळून बघितलं नाही.

दहा झाले.

मधल्या रांगेतून कोणीतरी, फार मायेने, म्हणालं, "बरं सर, विचार करा. उद्या बघू."

आणि सगळ्यांनी वह्या मिटल्या. घंटेला अजून बावीस मिनिटं होती.